ढग ज्याचा, त्यानंच मिटवावा: ड्रॉइंग तपासणाऱ्या साहेब लोकांना खुलं पत्र

नागपुरातले समस्त आर्किटेक्ट सर-मॅडम, स्ट्रक्चरलवाले, प्लंबिंग-इलेक्ट्रिकलवाले कन्सल्टंट अन् पीएमसीचे (प्रोजेक्ट मॅनेजमेंटवाले) साहेब लोक, तुम्हा सगळ्यांना नमस्कार.

मी कॅड ड्राफ्ट्समन आहे, म्हणजे तुमची ड्रॉइंग कॉम्प्युटरवर काढते अन् तुम्ही सांगाल तशी दुरुस्त करते. बाई आहे, पण पोस्टचं नाव ड्राफ्ट्समनच, आयटीआयच्या सर्टिफिकेटपासून तेच चालत आलं, आता त्याचं काही वाटत नाही. सोळा वर्षं झाली हे काम करून. आधी बुटीबोरीला एका फॅब्रिकेशनवाल्याकडे होती, आता धरमपेठेत एका ऑफिसात बसते. तुमच्यापैकी कितीतरी जणांचं लाल पेनाचं अक्षर मी नाव न वाचता ओळखते, अन् तुमच्यापैकी कितीतरी जणांनी मला कधी पाहिलंही नाही, तर ओळख एवढी पुरे.

मागच्या शुक्रवारची गोष्ट सांगते. एकच शीट, ग्राउंड फ्लोअरचा प्लॅन, ए१ साईज. त्याच्यावरच्या कमेंट मला पाच वाटांनी आल्या. आर्किटेक्ट मॅडमनी पीडीएफवर ढग, म्हणजे बदलायच्या जागेभोवती ढगासारखी लाल रेघ, काढून पाठवले, ते बरं होतं. स्ट्रक्चरलच्या सरांनी प्रिंट काढली, पेनानं लिहिलं अन् फोटो व्हॉट्सॅपवर टाकला, फोटोत अर्ध्या शीटवर ट्यूबलाईट चमकून राहिली. प्लंबिंगच्या सरांनी डीडब्ल्यूजीच, म्हणजे ऑटोकॅडची मूळ फाईलच, उघडून त्यात लाल टेक्स्टमध्ये 'चेक' लिहून ठेवलं, तेही डेफपॉइंट्स लेयरवर. पीएमसीच्या साहेबांची व्हॉइस नोट आली, दोन मिनिटं सतरा सेकंदांची, त्यातला मधला भाग मागे मिक्सर फिरून राहिला म्हणून ऐकूच नाही आला. अन् क्लायंटकडून मेल, एकच ओळ, की मागच्या कमेंट अजून झालेल्या नाहीत. कोणत्या मागच्या बाप्पा? आर१ म्हणजे पहिल्या रिव्हिजनच्या, का आर२ च्या? फोटोवरच्या का फोनवरच्या?

डेफपॉइंट्सवालं आधी उरकते कारण त्यात हसू पण येतं अन् रडू पण. ऑटोकॅडमध्ये डायमेन्शन टाकलं की हा लेयर (ड्रॉइंगमधला एक थर) आपोआप तयार होतो आणि त्याच्यावरचं काहीच प्लॉट होत नाही. म्हणजे सरांनी लिहिलेलं मला स्क्रीनवर दिसतं, पण त्यांनी स्वतः प्रिंट काढली तर त्यांना दिसणार नाही, अन् मग तेच मला विचारतात की माझी कमेंट काढून काऊन टाकली. याच्या उलटंही झालेलं आहे. एकदा कोणीतरी मॉडेल स्पेसमध्ये, म्हणजे मूळ नकाशावरच, साध्या लेयरवर 'हे बघा' लिहिलं, ते ज्या ज्या शीटच्या व्ह्यूपोर्टमधून (खिडकीतून) तो भाग दिसत होता त्या सगळ्या शीटवर उमटलं, अन् गुड फॉर कन्स्ट्रक्शनच्या, म्हणजे बांधायला दिलेल्या, सेटमध्ये साईटवर गेलं. साईट इंजिनिअरचा फोन आला, मॅडम, काय बघायचं आहे? टेक्स्टवर कोणाचं नाव नसतं, तारीख नसते, त्यामुळे ते कोणी लिहिलं हे आजपर्यंत कळलं नाही. डीडब्ल्यूजीत कमेंट लिहू नका एवढीच विनंती, ती फाईल म्हणजे माझं शिजत असलेलं पातेलं आहे, त्यात बाहेरून मीठ टाकायचं नाही.

आता मुद्द्यावर येते. हे पत्र मी ज्याच्यासाठी लिहून राहिली ती घटना दोन वर्षांपूर्वीची आहे, नावं कोणाचीच सांगत नाही. बेसमेंट पार्किंगचं काम होतं. बीममधून ड्रेनेजची लाईन न्यायची होती, त्याला स्लीव्ह (पाईपसाठीचं भोक) सोडायचा होता. कन्सल्टंट सरांनी स्ट्रक्चरलच्या आर२ शीटच्या प्रिंटवर लाल गोल केला, बाजूला ग्रिड नंबर (नकाशावरच्या जागेचा पत्ता) लिहिला, फोटो काढला अन् ग्रुपवर टाकला. त्या दिवशी आमच्याकडून आर३ आधीच गेलेलं होतं. मी फोटो मोठा करून पाहिला, मला ग्रिड सी-१ दिसला, तिथे बीम होता, तिथून लाईन जाऊ शकत होती, म्हणून मी स्लीव्ह तिथे दाखवला. सरांना सी-७ म्हणायचं होतं. मी ग्रुपवर लिहिलं 'डन सर'. त्याच्यावर अंगठा आला. आर४ इश्यू झालं. अन् आर४ कोणीच उघडून पाहिलं नाही, कारण डन झालं होतं ना.

स्लॅब भरल्यावर कळलं. भरलेल्या बीममध्ये कोअर कटिंग करून भोक पाडायला स्ट्रक्चरलनी साफ नाही म्हटलं, बरोबरच होतं त्यांचं, सळ्या कापल्या गेल्या असत्या. शेवटी पाईप बीमच्या खालून घेतला, हेडरूम गेली, रॅम्पवरून उतरल्या उतरल्या एक पार्किंग फक्त छोट्या गाडीचं उरलं. मीटिंग झाली. मीटिंगमध्ये मी नव्हती, पण मिनिट्समध्ये एक ओळ होती, ड्राफ्टिंग एरर. मी रडली नाही, पण त्या दिवशी घरी जाताना शंकरनगरचा सिग्नल दोनदा हिरवा होऊन गेला तरी मी गाडी काढली नाही, मागचे लोक हॉर्न मारून राहिले.

माझी चूक होती का? होती. ग्रिड विचारायला पाहिजे होता. पण नंतर एका रविवारी मी बसून हिशोब केला. ए१ शीटची लांबी ८४१ मिलिमीटर. समजा व्हॉट्सॅपवरून फोटो दाबून-दुबून १६०० पिक्सेल रुंदीचा आला, अन् तोही पूर्ण शीटचा. म्हणजे एका मिलिमीटरला दोन पिक्सेलही नाही आले. ड्रॉइंगवरचं अक्षर आपण २.५ मिलिमीटर उंचीचं ठेवतो, ते फोटोत पाच पिक्सेलपेक्षा कमी उंचीचं झालं. पाच पिक्सेलमध्ये इंग्रजी ७ अन् इंग्रजी १, त्यातही पेनानं घाईत लिहिलेले, यात फरक काय राहतो ते तुम्हीच सांगा. फोटोच पाठवायचा तर निदान डॉक्युमेंट म्हणून पाठवा, मग तो जसाच्या तसा येतो. पण खरं म्हणजे फोटो पाठवायचं काही कारणच नाही.

कारण ही सगळी सोय सॉफ्टवेअरमध्ये कधीचीच येऊन बसली आहे. ऑटोकॅड २००५ मध्ये शीट सेट मॅनेजर आला, त्याच्यासोबतच मार्कअप सेट मॅनेजर पण आला. त्यात असं होतं की तुम्ही डीडब्ल्यूएफ (पीडीएफसारख्याच) फाईलवर मार्कअप, म्हणजे कमेंट, करायचं, ती फाईल मी ऑटोकॅडमध्ये उघडायची, बाजूला सगळ्या मार्कअपची यादी येते, एकावर डबल क्लिक केलं की ते शीट उघडून तुमचा लाल ढग माझ्या ड्रॉइंगवर बरोब्बर त्याच जागी बसलेला दिसतो. अन् प्रत्येकाला स्टेटस द्यायचं. चारच होते: नन, क्वेश्चन, फॉर रिव्ह्यू, डन. मला यातलं फॉर रिव्ह्यू फार आवडतं. त्याचा अर्थ असा, की मी माझ्याकडून बदल केला, आता ज्यानं मार्कअप केलं त्यानं येऊन पाहावं. अन् क्वेश्चन म्हणजे मला समजलं नाही, सांगा. माझा सी-१ का सी-७ हा प्रश्न क्वेश्चनमध्ये गेला असता. म्हणजे वीस वर्षांपूर्वी ज्यानं हे बनवलं त्याला माहीत होतं की ड्राफ्ट्समननं 'केलं' म्हणणं अन् काम 'झालं' असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या ग्रुपवर मात्र एकच शब्द आहे, डन, अन् तो नेहमी माझ्याच तोंडी.

डीडब्ल्यूएफ आता कोणी वापरत नाही म्हणाल, ठीक आहे, पीडीएफ घ्या. पीडीएफ तर तुमच्या सगळ्यांकडे आहे, फुकटचा रीडर आहे, त्यात कमेंट टाकता येते, ढग काढता येतो. त्या कमेंटवर राईट क्लिक करून सेट स्टेटस म्हटलं की अ‍ॅक्सेप्टेड, रिजेक्टेड, कॅन्सल्ड, कम्प्लिटेड असे पर्याय येतात. बहुतेक लोकांना हे माहीतच नाही, मलाही नव्हतं, एका पोरानं दाखवलं. अन् गंमत म्हणजे स्टेटस दिलं की ते त्या कमेंटला दिलेल्या उत्तरासारखं फाईलमध्ये बसतं, देणाऱ्याच्या नावासकट अन् वेळेसकट. म्हणजे कोणी कधी मान्य केलं, कोणी कधी बंद केलं, सगळं त्या एकाच फाईलमध्ये. यासाठी महागडं काही घ्यायची गरज नाही. ब्लूबीम नावाचं विकतचं पीडीएफ सॉफ्टवेअर असलेल्यांकडे तर याची अख्खी मार्कअप लिस्ट असते, गाळता येते, एक्सेलमध्ये काढता येते, नवीन रिव्हिजनची शीट टाकली की जुने मार्कअप त्याच्यावर उचलून ठेवता येतात, ज्या ऑफिसला परवडतं त्यांनी घ्यावं. मी फुकटवाल्याचंच बोलून राहिली.

फक्त दोन गोष्टी तुमच्याकडून पाहिजेत.

एक, नाव. रीडर कमेंटवर नाव टाकतो ते बहुतेक वेळा विंडोजच्या लॉगिनचं. त्यामुळे माझ्याकडे येणाऱ्या कमेंटचे लेखक आहेत 'अ‍ॅडमिन', 'युजर', 'एचपी', एक आहेत 'ऑफिस टू', अन् एका साहेबांच्या कमेंट त्यांच्या मुलाच्या नावानं येतात कारण लॅपटॉप त्याचा आहे. तो पोरगा दहावीत आहे अन् माझ्या रेकॉर्डप्रमाणे त्यानं शिअर वॉलची जाडी वाढवायला सांगितलेली आहे. प्रेफरन्सेसमध्ये जाऊन एकदा स्वतःचं नाव टाका, एक मिनिटाचं काम आहे.

दुसरी गोष्ट आधी आमच्या बाजूची कबूल करते. तुम्ही पीडीएफची कमेंट लिस्ट उघडता अन् तिथे दोन हजार कमेंट दिसतात, सगळ्या 'ऑटोकॅड एसएचएक्स टेक्स्ट' नावाच्या, अन् त्यात तुमच्या खऱ्या अकरा कमेंट कुठे गेल्या ते सापडत नाही. मग तुम्ही म्हणता जाऊ दे, प्रिंट काढ. हे आमच्यामुळे होतं. ड्रॉइंगमध्ये एसएचएक्स फॉन्ट (ऑटोकॅडचा स्वतःचा, रेघांनी बनलेला) असला तर ऑटोकॅड पीडीएफ काढताना ती अक्षरं शोधता यावीत म्हणून प्रत्येक टेक्स्टची एक कमेंट बनवून टाकतो. २०१७ च्या व्हर्जनपासून पीडीएफएसएचएक्स नावाचं व्हेरिएबल आहे, ते शून्य केलं की हा कचरा बंद. आमच्या ऑफिसात मी सगळ्या मशीनवर ते करून ठेवलं आहे. बाकी ऑफिसातल्या ड्राफ्ट्समन भावांनो-बहिणींनो, तुम्हीही करा, नाहीतर साहेब लोकांना लिस्ट वापरा म्हणून सांगायला आपल्याला तोंड नाही. तर आम्ही पीडीएफ स्वच्छ देतो, तुम्ही ती पीडीएफच परत द्या. तिची प्रिंट, प्रिंटचा स्कॅन, स्कॅनचा फोटो असं करू नका, त्या प्रत्येक पायरीला ढगामागचं नाव-तारीख-स्टेटस सगळं गळून पडतं अन् उरतो नुसता लाल रंग.

मी सुरुवातीला ज्या सरांकडे शिकली त्यांच्याकडे अजून कागदच चालायचा. बर्डीवरून अमोनिया प्रिंट काढून आणायची, हातात घेतली की डोळ्यांत पाणी यायचं. त्या एका प्रिंटला चेक प्रिंट म्हणायचे. सर लाल पेन्सिलनं लिहायचे. मी जे जे केलं त्याच्यावर पिवळा हायलायटर फिरवायची. मग नवीन प्रिंट बाजूला ठेवून सर प्रत्येक पिवळ्यावर निळी टिक मारायचे, अन् निळी टिक नसलेली एकही जागा असली तर शीट बाहेर जात नव्हती. सही, तारीख, ड्रॉवरमध्ये. ते दिवस फार चांगले होते असं काही नाही, प्रिंट उन्हात दोन महिन्यांत फिकी पडायची, एकदा तर अख्खा गठ्ठा कूलरच्या पाण्यात भिजला. पण निळी टिक सरांची होती. कॉम्प्युटर आल्यावर लाल पेन्सिल टिकली, माझा हायलायटर टिकला, गेली ती निळी टिकच.

बुटीबोरीला असताना पॉवर प्लांटचं काम यायचं, तिथे आमचं ड्रॉइंग परत यायचं ते शिक्का मारून, कॅटेगरी एक म्हणजे मंजूर, दोन म्हणजे कमेंटसकट मंजूर, तीन म्हणजे परत पाठवा. अन् सोबत आम्हाला एक कमेंट-उत्तराची शीट भरून द्यावी लागायची, प्रत्येक कमेंटला नंबर, आमचं उत्तर, अन् शेवटचा कॉलम त्यांचा, त्यात त्यांनी 'क्लोज्ड' लिहिल्याशिवाय ती कमेंट आमच्या मानेवर बसलेलीच. तेव्हा त्या शीटचा फार राग यायचा, एका बेस प्लेटच्या वेल्डसाठी चार वेळा उत्तर लिहिलेलं आठवतं. पण तीन वर्षांत एकदाही असं नाही झालं की काम चुकलं अन् कोण काय बोललं होतं यावर भांडण झालं. बिल्डिंगच्या कामात आलो की ही शिस्त कुठे जाते समजत नाही. महामेट्रोनं इथली मेट्रो बांधताना ५डी बिम (वेळ अन् खर्च जोडलेलं थ्रीडी मॉडेल) वापरलं हे आपण बाहेरगावच्या पाहुण्यांना कौतुकानं सांगतो, अन् ती मेट्रो ज्या वर्धा रोडवरून जाते तिथल्याच ऑफिसातून मला ट्यूबलाईटचे फोटो येतात.

ढगाबद्दल अजून एक, कारण यात खूप घोळ होतो. तुमचा लाल ढग म्हणजे 'हे करा'. ड्रॉइंगमधला माझा रिव्हिजनचा ढग, ज्याच्या बाजूला त्रिकोणात नंबर असतो, तो म्हणजे 'या वेळी हे बदललं'. दोन्ही ढगच दिसतात. मागच्या महिन्यात एका साहेबांनी माझ्या रिव्हिजन ढगालाच कोणाची तरी कमेंट समजून खाली लिहिलं, 'सहमत'. कशाशी सहमत? अन् नवीन रिव्हिजन काढताना जुन्या रिव्हिजनचे ढग काढून फक्त त्रिकोण ठेवायचे असतात, ते आम्ही कधी कधी विसरतो, मग तुम्हाला वाटतं हे पण आत्ताच बदललं. रेव्हिट या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये रिव्हिजन इश्यूड केली की तिचे ढग कुलूपबंद होतात अन् नुसता टॅग ठेवता येतो, ते बरं आहे. ऑटोकॅडमध्ये हातानंच करावं लागतं, ही जबाबदारी आमची, मान्य.

तुम्ही म्हणाल वेळ नाही. मला माहीत आहे वेळ नाही, तुम्ही साईटवर उन्हात उभे राहून फोनवर ड्रॉइंग पाहता, मे महिन्यात इथे ४५ डिग्रीत कोणाला पीडीएफचं स्टेटस सुचणार. मोबाईलवर रीडर आहे, त्यावर बोटानं ढग काढता येतो, तेवढं केलं तरी चालेल. नवीन ऑटोकॅडमध्ये ट्रेस म्हणून आलं आहे, २०२२ पासून, ड्रॉइंगला हात न लावता वर बटर पेपर ठेवल्यासारखं त्याच्यावर लिहायचं, अन् २०२३ पासून तुमच्या पीडीएफचा किंवा फोटोचा मार्कअप पण त्या ट्रेसमध्ये आणून ड्रॉइंगवर ठेवता येतो. म्हणजे अगदीच झालं तर फोटोचंही मी काहीतरी करेन. ढग कसा काढायचा यावर माझं भांडण नाही. माझं एवढंच म्हणणं आहे की ढग ज्यानं काढला त्यानंच नवीन शीट उघडून, त्या जागी जाऊन, पाहून, तो बंद करावा. मी बंद करणार नाही. मी फक्त 'केलं, आर५ मध्ये पहा' असं खाली लिहीन. माझ्या डनवर अंगठा दाखवणं म्हणजे ड्रॉइंग तपासणं नाही.

अन् हे मी तुमच्यावर डाव टाकायला सांगत नाही. उलट तुम्हालाच सोपं होईल. दुसऱ्यांदा शीट आलं की तुम्ही पूर्ण शीट पुन्हा पहिल्यापासून वाचता, अन् मागच्या वेळी जे ठीक होतं त्याच्यावर नवीन कमेंट देता. रागावू नका, पण असं होतं. एका टॉयलेटचं दार मी तीन रिव्हिजनमध्ये आत-बाहेर-आत उघडलं आहे. यादी असली तर आधी तुमच्याच अकरा जागा पाहाल, अन् आपणच आधी बाहेर उघडायला सांगितलं होतं हे दिसेल.

सोमवारी माझ्याकडून आर५ चा सेट जाईल. कमेंट एकूण ३१ आहेत, सगळ्यांना मी नंबर टाकले आहेत, पाच वाटांनी आलेल्या सगळ्या एकाच पीडीएफवर त्या त्या जागी आणून ठेवल्या, व्हॉइस नोटवाली पण, जेवढी ऐकू आली तेवढी. २२ केल्या, खाली तसं लिहिलं. आठ तुमच्या आपसातल्या आहेत, आर्किटेक्ट मॅडम म्हणतात बीम वर घ्या अन् स्ट्रक्चरलचे सर म्हणतात खाली, त्यांना मी हात लावला नाही. राहिली नंबर १४. एफ ग्रिडजवळ जिन्यावर ढग आहे, त्यात लिहिलं आहे 'हे कमी करा'. काय कमी करू सर, पायरी, रेलिंगची उंची, का लँडिंग? उत्तर त्याच ढगाखाली लिहा, फोन नका करू. सोमवारी पोराचं गॅदरिंग आहे, मी साडेपाचला निघणार आहे.

आपली,
एक ड्राफ्ट्समन, नागपूर